शिवणीतली माया

शिंपीकामात 'माया' असा एक शब्द आहे. दोन कापडे जोडताना टीप अगदी कडेला लागून घालत नाहीत. टिपेच्या पलीकडे अर्धा-पाऊण इंच कापड आतल्या अंगाला राखून ठेवतात, ती माया. ती बाहेरून दिसत नाही आणि कपड्याच्या शोभेतही काही भर घालत नाही. पण वर्षभरात पोर अंगाने भरले, बाही दंडाला काचू लागली, की जुनी टीप उसवायची आणि त्या राखलेल्या कापडातून सदरा सैल करायचा. ममता आणि भ्रम हे दोन अर्थ ज्या शब्दात आधीपासून सुखाने नांदत होते, त्याच शब्दाला हा तिसरा अर्थ पहिल्यांदा कोणी दिला, कोण जाणे! ज्याने दिला तो मोठा रसिक असला पाहिजे. निदान लेकुरवाळा तरी नक्कीच.

माया राखण्याहून निराळी अशी आणखी एक रीत आपल्याकडे होती. कपडे 'वाढत्या अंगाचे' शिवायचे. दिवाळीला नवा सदरा यायचा तो गुडघ्यापर्यंत पोचणारा. पहिली दोन वर्षे त्यात मूल हरवून जाई. आणि तो अंगाला नेमका बसू लागे तोवर त्याचा रंग विटलेला असे. आणि तिसरा प्रकार आजच्या तयार कपड्यांचा. अंगावर झकास बसतात, पण उलटून पाहिले तर शिवणीत बोटभरही कापड नसते. आखूड झाले की ते टाकायचे. पुढच्या दिवसांकडे पाहण्याच्या माणसाच्या या तीन तऱ्हा आहेत असे मला वाटते, आणि त्यांतली बरी कोणती, हा प्रश्न दिसतो तितका लहान नाही.

यंदा तो आमच्या घरात संगणकाच्या रूपाने आला. माझ्या भाचीला चित्रे हलवण्याचा नाद आहे. बारावी झाल्यावर तिने ॲनिमेशन शिकायचे ठरवले आणि त्यासाठी टेबलावरचा चांगला संगणक हवा म्हणाली. दादाने त्यासाठी नव्वद हजार रुपये बाजूला काढले. मध्यमवर्गीय घरात नव्वद हजार असे सहज बाजूला निघत नाहीत. त्यांच्यामागे एखादी रद्द झालेली सहल असते, पुढे ढकललेली रंगरंगोटी असते. वहिनींचे म्हणणे, "वन्सं, एकदा कोणत्या कंपनीचा घ्यायचा ते नीट ठरवा, म्हणजे पाच-सात वर्षं पुन्हा बघायला नको." भाचीचे म्हणणे, "आत्या, ग्राफिक्स जोरकस हवं, आणि पुढं वाढवता आलं पाहिजे." आणि दादाचा प्रश्न, जो त्याने तिच्यादेखत विचारला नाही: "उद्या हिनं हे सोडून दिलं तर?"

या तिघांच्या बोलण्यात मला ते तीन सदरे दिसले. वहिनींना वाढत्या अंगाचा हवा होता. दादाला धास्ती होती की एवढे कापड वाया जाईल. आणि मुलीला काय हवे होते ते तिचे तिलाही पुरते ठाऊक नव्हते. अठराव्या वर्षी ते ठाऊक असायला हवे, अशी माझी समजूत नाही.

संगणकाच्या जगात हा वाद जुना आहे. १९७७ साली ॲपल टू हे यंत्र तयार होत असताना त्याचा रचनाकार स्टीव्ह वॉझ्निॲक म्हणत होता की आत आठ खाचा हव्यात. खाच म्हणजे जादा कार्ड बसवण्याची जागा, ज्याला दुकानात स्लॉट म्हणतात. त्याचा भागीदार स्टीव्ह जॉब्स म्हणत होता की दोन पुरेत. एक छापयंत्रासाठी, एक मोडेमसाठी. लोक पुढे काय काय जोडतील हे आपल्याला कळत नाही, म्हणून वॉझ्निॲकला जागा हव्या होत्या. त्या वेळी त्याचे चालले आणि आठ खाचा राहिल्या. १९८४ साली मॅकिंटॉश आला तेव्हा जॉब्सचे चालले. खाच एकही नाही आणि स्मृती १२८ किलोबाइट. पेटी उघडायला लांब दांड्याचा खास पेचकस लागे. पण त्यातली गंमत पुढेच आहे. मॅकिंटॉशवर काम केलेल्या अँडी हर्ट्झफेल्डने लिहून ठेवले आहे की यंत्राच्या बोर्डाची रचना करणाऱ्या बरेल स्मिथला ही स्मृती तोकडी पडणार असे वाटत होते. वरून परवानगी नव्हती, तरी मोठ्या चिपा बाजारात आल्यावर ५१२ किलोबाइटपर्यंत जाता येईल, अशी सोय त्याने बोर्डावर गुपचूप करून ठेवली. त्याच वर्षाच्या सप्टेंबरात ५१२ किलोबाइटचा मॅकिंटॉश बाजारात आलाही. मालकाने आखूड बेतलेल्या कपड्यात कारागिराने गुपचूप माया सोडावी, तसे हे झाले.

दरम्यान १९८१ साली आयबीएमने आपला पीसी काढला. त्यात पाच खाचा होत्या आणि आतली सगळी जोडणी दाखवणारे पुस्तक कंपनीने स्वतःच विकायला ठेवले. त्यातून दुसऱ्यांनी बनवलेली कार्डे आली आणि पुढे दुसऱ्यांनी बनवलेले तसेच संगणकही आले. १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स नावाचे माप ठरवून दिले. बोर्डाची भोके कुठे असावीत, वीजपुरवठ्याच्या डब्याची जोडणी कशी असावी, हे ठरले. एका कंपनीचा बोर्ड दुसरीच्या पेटीत बसू लागला तो यामुळे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत सहा कंपन्यांचे सुटे भाग एकत्र करून आपल्यासमोर संगणक जोडून देतात, त्याच्या मुळाशी हे माप आहे.

म्हणून 'कोणत्या कंपनीचा घ्यावा?' या प्रश्नाला मी वहिनींना उत्तर दिले ते त्यांना आडवळणाचे वाटले. मी म्हणाले, "नाव बाहेरून वाचता येतं, वहिनी. माया बघायला कपडा उलटा करावा लागतो." नामांकित कंपनीचा तयार संगणक घेण्यात खरा फायदा आहे. बिघडला तर एकाच दाराशी जायचे, एकच पावती, एकच हमी. ज्या घरात पेचकस धरणारे कोणी नाही, त्या घराने तो घ्यावा, आणि त्यात कमीपणा काही नाही. पण अशा कितीतरी यंत्रांत बोर्ड आणि वीजपुरवठा कंपनीच्या स्वतःच्या मापाचा असतो, पेटी अरुंद असते, आणि विजेचा डबा आज आत आहे तेवढ्यापुरताच असतो. जाहिरातीत प्रोसेसरचे नाव ठसठशीत असते. डबा किती वॉटचा हे तळटिपेत शोधावे लागते.

आणि ग्राफिक्सची सारी वाढ तर त्या डब्यावर अवलंबून. ग्राफिक्स कार्ड ज्या खाचेत बसते ती खाच स्वतः कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॉट वीज देते. त्यापुढची वीज डब्यातून निघणाऱ्या वेगळ्या तारेने न्यावी लागते. सहा टोकांची तार ७५ वॉट देते, आठ टोकांची १५०. २०२१ साली आलेले आरटीएक्स ३०६० हे मध्यम कुवतीचे कार्ड १७० वॉट मागते. २०२५ चे आरटीएक्स ५०९० हे बडे कार्ड ५७५. १९८१ च्या आयबीएम पीसीचा सबंध वीजपुरवठा ६३.५ वॉटचा होता! खाचा पाच आणि वीज अपुरी, अशी त्या यंत्राचीही ओढाताण झाली, आणि १९८३ च्या पुढच्या यंत्रात, एक्सटीमध्ये, तो १३० वॉटचा करावा लागला. रिकामी खाच दाखवून 'पुढे वाढवता येईल' असे दुकानदार सांगतो, तेव्हा म्हणूनच चार गोष्टी विचाराव्यात. डबा किती वॉटचा, आणि कार्डासाठी जादा तार त्यातून निघते का? पेटीत किती लांबीचे कार्ड मावते? बोर्ड आणि डबा सर्वमान्य मापाचे आहेत का? स्मृतीच्या खाचा किती, आणि त्यांतल्या मोकळ्या किती? या चारही गोष्टी न दिसणाऱ्या आहेत. मायेचे तसेच असते.

आता वाढत्या अंगाच्या सदऱ्याविषयी. वहिनींची सूचना होती की कर्ज काढावे, पण सगळ्यांत मोठे कार्ड आत्ताच घ्यावे. पुन्हा कटकट नको. आईच्या पोटातली ही कळकळ मला समजते. पण तिच्यात एक भाकीत दडलेले असते: ही मुलगी अमुक इतकी मोठी होणार, अमुक दिशेनेच होणार. मोठा सदरा मुलाला रोज सांगत असतो, 'तू अजून माझ्याएवढा झाला नाहीस.' कर्जाने आणलेले यंत्र टेबलावर बसून तेच सांगत राहील, ही मला भीती. शिवाय कामाला किती लागते याचा अंदाज अनेकदा चुकीचा असतो. 'फ्लो' हा मांजराचा लाटव्हियन चित्रपट २०२४ साली आला आणि २०२५ मध्ये त्याला सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचे ऑस्कर मिळाले. तो ब्लेंडर या विनामूल्य साधनावर बनवलेला आहे, आणि त्याची चित्रे उमटवायला बड्या स्टुडिओंसारखा यंत्रांचा ताफा लागला नाही. दिग्दर्शक गिंट्स झिल्बालोदिस याने झटपट चित्र उमटवणारी पद्धत निवडली आणि तिला शोभेल अशी चित्रशैली घडवली. थोडक्यात, त्याने कपड्याप्रमाणे अंग वळवले.

मोठा आकडा म्हणजे मोठी सोय, हेही नेहमी खरे नसते. आरटीएक्स ३०७० हे ३०६० पेक्षा वेगवान कार्ड. पण त्याच्यावर स्मृती ८ गिगाबाइट, आणि धाकट्या ३०६० च्या मूळ आवृत्तीवर १२. मोठे त्रिमिती दृश्य रंगवताना त्यातला सगळा पसारा कार्डाच्या स्मृतीत मावावा लागतो. मावला नाही तर काम रेंगाळते किंवा अडते. तेव्हा वेग पाहायचा की ऐसपैसपणा, हे ज्याचे काम त्याने ठरवावे.

इथवर मी मायेची बाजू मांडली. पण तिचा दुसरा अर्थ भ्रम, आणि तोही या प्रकरणात खरा आहे. 'पुढे वाढवू' म्हणून राखलेली जागा पुढे कामी येईलच असे नाही. इंटेलच्या बोर्डांवर २०१५ पासून जी बैठक होती, त्याच आकाराच्या बैठकीचे नवे प्रोसेसर २०१७ मध्ये आले. पण त्यांना नवे बोर्डच लागत. उलट एएमडीच्या एएम४ बैठकीने वचन पाळले: २०१७ साली घेतलेल्या अनेक बोर्डांवर, त्यांची आतली प्रणाली अद्ययावत केल्यावर, २०२२ चा प्रोसेसर बसू शकला. डीडीआर४ स्मृतीच्या रिकाम्या खाचेत डीडीआर५ ची पट्टी बसत नाही, म्हणजे खाच मोकळी असूनही ऐन वेळी तिच्याजोगी पट्टी महाग किंवा दुर्मीळ झालेली असते. थांबले की स्वस्त मिळते, हाही भरवसा नाही. २०२१ साली टंचाईमुळे आणि आभासी चलन खणणाऱ्यांच्या मागणीमुळे ग्राफिक्स कार्डे छापील किमतीच्या कितीतरी वर विकली गेली. २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धीच्या यंत्रशाळांनी मेमरी ओढून घेतली आणि साध्या रॅमचे भाव भडकले. आणि सारे भाग धडधाकट असूनही वरून हुकूम येऊ शकतो: १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नेहमीचे साहाय्य थांबले, आणि विंडोज ११ ला अनेक जुने प्रोसेसर चालत नाहीत.

बड्या कंपन्यांनाही पुढचे दिसत नाही. ॲपलने २०१३ मध्ये मॅक प्रो हा आपला सर्वांत ताकदीचा संगणक एका देखण्या काळ्या नळकांड्यात बसवला. दोन मध्यम ग्राफिक्स कार्डे पुढच्या काळाला पुरतील असा त्यामागचा होरा होता. जग एका मोठ्या, खूप तापणाऱ्या कार्डाकडे वळले आणि नळकांड्यात त्याची उष्णता बाहेर टाकायला वाव नव्हता. एप्रिल २०१७ मध्ये कंपनीच्या अधिकाऱ्यांनी पत्रकारांना बोलावून तसे मान्य केले. २०१९ मध्ये पुन्हा खाचा असलेली मोठी पेटी आली. २०२३ च्या मॅक प्रोमध्ये खाचा होत्या, पण त्यांत ग्राफिक्स कार्ड चालत नव्हते! मात्र इथे न्यायाने बोलायचे तर बंद पेटीलाही आपले कारण आहे. स्मृती आणि प्रोसेसर एकाच तुकड्यावर शेजारी बसवले की आतली ये-जा वेगवान होते आणि वीज कमी लागते. त्या जवळिकीसाठी मायेचे कापड कापावे लागते. ज्याला आपले काम पक्के ठाऊक आहे आणि ते बदलणार नाही, त्याने असे बेतशीर वस्त्र खुशाल घालावे.

मग भाकीत इतके फसवे असताना माया तरी का राखावी? दादाच्या प्रश्नाचा विचार करताना मला याचे उत्तर सापडले. 'हिनं हे सोडून दिलं तर?' या शंकेवर घरातल्या सगळ्यांचा कल असा होता की मग साधा, स्वस्त, बंद संगणक घ्यावा. नाद टिकला तर पुढे पाहू. पण टीप उसवता येते ती सैल करण्यापुरतीच का? ती आवळताही येते. सुट्या भागांच्या यंत्रातून ग्राफिक्स कार्ड काढले, विकले, तर उरलेले यंत्र हिशेबाला, लिहायला, अभ्यासाला चालू राहते. नाद वाढला तर त्याच खाचेत मोठे कार्ड बसते. पीसीआय एक्सप्रेसची खाच २००३ पासून पिढ्या बदलत आली, तरी जुनीत नवे कार्ड सहसा चालते. म्हणजे माया ठेवणाऱ्याने पोर वाढेलच असे धरलेले नसते. ते वाढेल, रोडावेल की निराळ्याच अंगाने भरेल, हे आज आपण ठरवायचे नाही, एवढेच त्याने कबूल केलेले असते. वाढत्या अंगाचा सदरा भाकीत करतो; माया भाकीत करायचे नाकारते. मुलांच्या बाबतीत, आणि आपल्या स्वतःच्या उद्याच्या बाबतीतही, हे नाकारणे मला फार मोलाचे वाटते. उद्या जो माणूस या टेबलाशी बसेल त्याचे नाव जरी आजचेच असले, तरी त्याची गरज त्यालाच कळणार. त्याच्यासाठी सगळे ठरवून ठेवणे हा एक प्रकारचा अधिकार गाजवणेच आहे, मग ते प्रेमाने केलेले असो.

आणि त्या मायेत पुढच्या दुसऱ्या कोणाचाही वाटा असतो. पूर्वी थोरल्याचा सदरा धाकट्याला जाई. काढलेले जुने कार्ड आतेभावाच्या यंत्रात बसते, जळालेला पंखा शे-दोनशे रुपयांत बदलतो, आणि एका भागाच्या मरणाने सबंध यंत्र कचऱ्यात जात नाही.

शेवटी यंत्र आले ते एका कंपनीचे आलेच नाही. मध्यम कार्ड, पण १२ गिगाबाइटचे. डबा गरजेहून एक पायरी वरचा, ६५० वॉटचा. पेटी थोडी ढबोळी, पण हवेशीर. स्मृतीच्या चार खाचांपैकी दोन भरलेल्या. यातला मायेवरचा खर्च पाच-सहा हजारांच्या आत बसला. कर्ज काढावे लागले नाही. वहिनींनी पेटीच्या काचेतून आत पाहिले आणि विचारले, "या दोन रिकाम्याच राहिल्या तर?"

बहुतेक मायेचे तसेच होते. गोधडीसाठी जुने कपडे उसवताना हे मी अनेकदा पाहिले आहे. सबंध सदरा उन्हाने आणि धुण्याने विटलेला असतो. शिवणीच्या आत मात्र एक बारीक पट्टी पहिल्या दिवसाच्या रंगाची निघते. ती कधी लागलीच नाही. म्हणून ती ठेवणाऱ्या हाताने चूक केली असे मला एकदाही वाटलेले नाही.

"राहू देत, वहिनी," मी म्हणाले.